आंब्याच्या बुंध्याचं भांडं

आमच्या आईने आंबा मारला, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं तेव्हा मी तिथेच दुसऱ्या रांगेत बसले होते. विषय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा चालला होता. मध्येच कुणीतरी म्हणालं, "मागचं झाड काय उगाच वाळलं? तळमजल्यावरून रोज माशाचं पाणी पडतं त्याच्या मुळात. खारट पाणी. दुसरं काय होणार?" आणि सगळ्यांनी अशा माना हलवल्या की जणू पोस्टमॉर्टेमचा रिपोर्टच हाती आला. मी भांडायला उठले. भांडणं मला जमतं, त्यासाठी मी बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध आहे. पण त्या दिवशी उठले तशीच परत खाली बसले. ज्या बाईने ते झाड कोयीपासून वाढवलं, तिलाच हे लोक दोषी ठरवत होते आणि ठरवून लगेच पुढच्या विषयाकडे वळतही होते. माझा दादा कमिटीत आहे. तो समोरच्या टेबलाशी बसून पेनाचं टोपण काढत-घालत होता.

आम्ही मूळचे मालवणकडचे. बोरिवलीतल्या या जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर आई आणि मी राहतो, दादा बायकोमुलांसह तिसऱ्या मजल्यावर. मासे धुतलेलं पाणी मोरीत ओतणं म्हणजे आईच्या लेखी नासाडी. गावाला ते माडाच्या, आंब्याच्या मुळात जायचं. इथे राहायला आल्यावर तिने मागच्या बाजूला एक कोय पुरली, आणि पुढे बांगडे असोत की बोंबील, पहिलं पाणी आंब्याचं. शेजारच्या शाकाहारी मंडळींनी नाकं मुरडली. मे महिन्यात आंबे घ्यायला मात्र तीच नाकं आमच्या दारात यायची.

मग एका दिवाळीच्या सुमारास झाड एकदम वाळलं. एखादी फांदी नाही, अख्खं झाड. पानं तपकिरी होऊन तशीच लटकत राहिली, गळलीसुद्धा नाहीत. महापालिकेची माणसं बघून गेली, मेलेलं झाड कुणाच्या डोक्यात पडायला नको म्हणून तोडायची परवानगी आली, आणि खोडाचे ओंडके पंपाच्या खोलीमागे ढकलून ठेवले गेले. तिथेच ते दोन पावसाळे भिजत पडले.

मीटिंगची बातमी आईपर्यंत पोचायला संध्याकाळही व्हावी लागली नाही. मी तिला परोपरीने सांगितलं, "अगं, त्याच पाण्यावर तर ते वाढलं. इतकी वर्षं काही झालं नाही ते आत्ताच कसं होईल?" तिचं उत्तर ठरलेलं होतं. "तेव्हा तरणो होतो तो. आता म्हातारो झाल्लो. त्येका सोसवला नाय." ती स्वतः ऐंशीच्या पुढची. म्हाताऱ्याला काय सोसत नाही हे तिने मला सांगावं की मी तिला?

तिने मासे सोडले. मालवणी बाईने श्रावण नसताना मासे सोडणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पेज आणि लोणचं, एवढ्यावर ती दिवस काढायला लागली. मागचं दार उघडेना. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, सगळं ठीक निघालं, आणि तरीही तिचे गाऊन आम्हाला बाजूने टाचून आत घ्यावे लागत होते. भाजी निवडता निवडता ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, "आंबो माझ्याच हातान मेलो." मला भीती वाटायला लागली. ही बाई एका झाडापायी आपल्या डोळ्यांदेखत विझत चालली आहे, आणि आपण बाजूला बसून तिचे गाऊन शिवतोय, हे काही मला सहन होईना.

आता माझ्या वेडाबद्दल सांगते. गिरणी बंद पडल्यावर आमच्या बाबांनी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा घेऊन लाकूड कातायचं लेथ मशीन टाकलं होतं. लाटणी, रव्या, पलंगाचे पाय असा माल. बाबा गेल्यावर गाळा दादाने चालवला. मी जन्मभर एका कंपनीत अकाउंट्स सांभाळले आणि नोकरी सुटल्यावर कोपऱ्यातल्या जुन्या लेथवर बसायला लागले. पण लाटणी करण्यात मला रस नव्हता. मला आवडायचं ते अर्धवट कुजलेलं लाकूड. पावसात पडून राहिलेल्या ओंडक्यात बुरशी शिरते आणि आतून काळ्या बारीक रेघा ओढत जाते. कुठे नकाशासारख्या, कुठे नुसत्या वेड्यावाकड्या. अशा लाकडाची भांडी कातली की त्यांना रंग द्यावा लागत नाही. त्यात पाणी ठेवता येत नाही, पीठ ठेवता येत नाही, नुसती बघायची. दादा म्हणायचा, "लोक कुजकं लाकूड बंबात घालतात, आमची बाय शोकेसमध्ये घालते."

काम मात्र चिवट असतं. लाकूड इतकं भुसभुशीत की नखाने उकरता येतं. पटाशी जरा जोरात टेकली तर कापायच्या ऐवजी ते फाटतं, लचका तुटावा तसं. म्हणून लाकूड घट्ट व्हायला स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाख, पाजायचा, वाळू द्यायचा, थोडं कातायचं, पुन्हा पाजायचा. तोंडाला मास्क हवाच, कारण ती बुरशीची धूळ छातीत गेली की खोकला पाठ सोडत नाही. धीर लागतो. माझ्या स्वभावात नाही तो सगळा मी त्या लेथवर खर्च करते.

आईसाठी त्या आंब्याचंच भांडं करायचं, असं माझ्या मनाने घेतलं. झाड गेलं ते गेलं, पण त्यातून काहीतरी देखणं निघालं हे तिने हातात धरून बघितलं तर कदाचित तिचा जीव थोडा हलका होईल. दादाला म्हटलं, टेम्पो पाठव, ओंडके आणायचेत. तो टाळायला लागला. गाळ्यात जागा नाही, वाळवी लागेल, एक ना दोन. शेवटी म्हणाला, "आणायचेत तर वरचे आण. बुंध्याचा कशाला? पार चिखल झालाय त्याचा." मी म्हटलं, "अरे, बुंध्याचाच तर हवा मला, जमिनीला लागून जास्त कुजतं ना." त्याने खांदे उडवले. मला वाटलं, नेहमीसारखा जागेवरून कुरकुरतोय.

तो बुंधा मी मशीनवर चढवला त्या सकाळी दादा माल पोचवायला बाहेर गेला होता. पहिली साल उडाली आणि आतलं लाकूड बघून मी स्वतःशीच "झकास" म्हटलं. पिवळट अंगावर काळ्या रेघांची जाळी. आणखी थोडं कातलं तर त्यात एक निळसर हिरवा पट्टा वर आला, गोल. असा रंग मी आंब्यात कधी पाहिला नव्हता. एक जातीची बुरशी लाकूड हिरवं करते असं ऐकलं होतं. मला इतका आनंद झाला की मशीन थांबवून मी मोबाईलवर फोटो काढले.

फोटो मोठा करून बघताना ते दिसलं. हिरव्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर एक चकती होती. अंगठ्याच्या पेराएवढी, कंपासने काढावी तशी गोल, आणि गर्द तपकिरी. ते आंब्याचं लाकूड नव्हतं. शिसव होतं.

झाडात शिसवाची चकती कशी येईल? मी बोटाने आजूबाजूचं लाकूड दाबून पाहिलं. बाकी सगळा बुंधा मऊ, आणि हिरव्या पट्ट्यातलं लाकूड टणक. बुरशीनेसुद्धा तिथे तोंड लावलं नव्हतं. मी बारीक पटाशीने चकतीच्या कडेने उकरत गेले. ती एक खुंटी होती, बोटभर लांब, भोकात ठोकून बसवलेली. ती बाहेर आली तशी तिच्यामागून निळे खडे माझ्या तळहातावर सांडले. मोरचूद. गावाला सुपारीवर फवारायला चुन्यात कालवतात तो. बुंध्यात भरला तर कुठलंही झाड उभ्या उभ्या मरतं.

पण खरा धक्का पुढेच होता. मी ती खुंटी पुसली. ती लाटण्याची तुटलेली मूठ होती. तिच्यावर दोन बारीक खाचा होत्या आणि मधे फुगीर मणी. ही खूण बाबांची. लाटण्याच्या मुठीला असा मणी बाबा काढायचे आणि त्यांच्यामागे दादा काढतो. अख्ख्या इस्टेटमध्ये दुसरं कुणी काढत नाही. आमच्या घरातलं लाटणंही तसंच आहे, मी लहानपणापासून ते हातात धरलंय. मी स्टुलावर बसले. शेजारच्या गाळ्यातलं पॉलिशचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज मला लांबून येतोय असं वाटत होतं. मी बुंधा फिरवून बघितला. तशाच चकत्या आणखी होत्या, सगळ्या एका रांगेत.

दादा दुपारी आला. मी नुसती हाताची मूठ उघडली. त्याने खुंटी पाहिली, मशीनवरचा बुंधा पाहिला आणि शटर अर्धं खाली ओढलं. माझ्या मनात अजूनही एक वेडी आशा होती की तो म्हणेल, हे कुणीतरी आपल्या गाळ्यातून चोरलं असेल. मी ते लगेच मानलंही असतं.

"तुला म्हटलं होतं बुंधा आणू नको," तो म्हणाला.

"तू मारलंस?"

"मी एकट्याने नाही. कमिटीने ठरवलं." तो पाण्याची बाटली शोधायला लागला. "बिल्डिंग पाडून नवीन बांधायचं चाललं होतं ना तेव्हा. बिल्डरचा माणूस म्हणाला, प्लॅनच्या मधोमध जिवंत झाड म्हणजे परवानगीला वर्षानुवर्षं. मेलेलं असलं तर कटकट नाही. आता ड्रिल कुणाकडे? माझ्याकडे."

"आणि तू पाडलीस भोकं. आईच्या झाडाला."

"आईसाठीच ना गं! दर पावसाळ्यात तुमच्या घरात गुडघाभर पाणी शिरतं, तू तिला पलंगावर बसवून ठेवतेस. मला वाटलं वरच्या मजल्यावर जागा मिळेल, लिफ्ट असेल. मला काय माहीत बिल्डर मध्येच पळून जाईल?"

हे सगळं मी एक वेळ गिळलंही असतं. माणूस मूर्खपणा करतो, त्यात माझा सख्खा भाऊ. पण मीटिंगमधलं ते पेनाचं टोपण माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. "आणि त्यांनी आईवर ढकललं तेव्हा?" मी विचारलं. "तू समोर बसला होतास, दादा. ती अन्न टाकून बसलीय दीड वर्ष. तू दर रविवारी खाली येतोस, तिला म्हणतोस, जेव गं आई. कसा म्हणतोस रे तू?"

तो रडायला लागला. मी त्याला बाबांच्या वेळीसुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं. "वाटलं चार दिवसांत विसरतील. मग रोज म्हटलं, आज सांगू. तिच्या तोंडाकडे बघितलं की वाट लागायची गं माझी."

मला त्याच्या कानाखाली मारावीशी वाटत होती आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यानेच शेवटी मार्ग काढला. आईला सांगायचं की झाडाला कुणीतरी विष घातलं, तुझ्या पाण्याने नाही मेलं. कुणी, ते माहीत नाही. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल आणि तिचा मुलगाही तिच्याजवळ राहील. मी त्यावर विचार केला आणि मला ते पटलं. मला वाटलं, अर्धं सत्य सांगितलं तरी तिला पुरेल. आपण कुणाच्या पोटी जन्मलो आहोत, हे आम्ही दोघंही त्या क्षणी साफ विसरलो.

भांडं मी पुरं केलं. रुंद खांद्याचं, अरुंद तोंडाचं, मोठ्या तांब्याच्या घाटाचं. पातळ करत करत नेलं आणि दर खेपेला वाटायचं, आता फुटेल. एक भोक मी मुद्दाम पोटावर ठेवलं, भोवती तो निळाहिरवा पट्टा. आईला दाखवायला पुरावा हवा होता.

तिने भांडं मांडीवर घेतलं. काळ्या रेघांवरून बोट फिरवलं. बोट भोकाशी आलं आणि थांबलं. तिने भांडं खिडकीच्या उजेडात धरलं, आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "मोरचूद!"

"हो. कुणीतरी भोकं पाडून भरला होता, आई. बुंध्यात सगळीकडे आहे."

"म्हणजे माझ्या पाण्यान नाय मेलो?"

"नाही गं. तुझ्या पाण्यावर तो जगला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरले, आणि मी इतकी सुटल्यासारखी झाले की मलाही हुंदका आला. थोड्या वेळाने ती पलंगावरून उठली, माझा हात न धरता. "कोणी घातल्यान?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"बरा," ती म्हणाली. "माका न्हाऊक पाणी काढ. नारळ आसा काय घरात? आणि झिलाक खाली बोलव."

नारळ म्हटल्यावर मी काय ते ओळखलं. आमच्याकडे अन्याय झाला, चोरी झाली, कुणी वाईट केलं, तर माणूस पोलिसांकडे नंतर जातो. आधी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. मोठ्याने, नाव माहीत असेल तर नाव घेऊन, नसेल तर "ज्या कोणी" म्हणून. आणि दर वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. आईने आयुष्यात दोनदाच असं गाऱ्हाणं घातलेलं मला माहीत आहे. दोन्ही वेळा ते खरं झालं, असं ती मानते. आणि खरं सांगते, दादा आणि मीही मानतो.

मी तिला थांबवायला बघितलं. "जाऊ दे ना आई. आता कळलं ना तुझा दोष नव्हता."

"माझो नव्हतो, मगे कोणाचो तरी आसा," ती म्हणाली आणि न्हाणीघरात गेली.

दादा आला तो दारातच थबकला. आई धुवट लुगडं नेसून देव्हाऱ्यापुढे उभी होती. किती दिवसांनी ती अशी ताठ उभी होती! निरांजन लावलेलं होतं, आणि देव्हाऱ्यासमोर पाटावर आंब्याचं भांडं, त्याच्या तोंडावर नारळ. भोक देवाच्या बाजूला केलेलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. खरं तर गाऱ्हाणं घालायचा मान घरातल्या कर्त्या पुरुषाचा, म्हणून आई त्याला म्हणाली, "तू घाल."

"तूच घाल आई," तो कसाबसा म्हणाला. "माझा घसा बसलाय."

तिने डोळे मिटले. आवाज मात्र असा लागला की वरच्या मजल्यावर ऐकू जावा. "बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू आज तुझ्या पुढ्यात नारळ घेवन उभा आसा. माझ्यार आळ इल्लो, तो तू दूर केलंस."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"ज्या कोणी माझ्या आंब्याक इख घातल्यान, त्येका तू वळखतंस. त्येका सोडू नको."

"व्हय म्हाराजा." हे दादा एकटाच म्हणाला.

"माका त्येना जितेपणी मारल्यान. लेकरासारख्या झाडाचो खून माझ्या डोक्यार ठेवन तो सुखान जेवलो. त्येका मोठी शिक्षा दी. मरताना त्येच्या आवशीक त्येचा तोंड दिसूचा नाय."

यावर "व्हय म्हाराजा" आलं नाही. मला ओरडायचं होतं, आई, थांब, मागे घे, त्याची आवस, त्याची आई तूच आहेस, ते तोंड तुझ्या शेजारीच उभं आहे. पण मी नुसती नारळाकडे बघत राहिले. आईने डोळे उघडले आणि मान वळवून लेकाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती घाई होती.

"म्हण रे झिला. साथ दिल्याबिगर गाऱ्हाणा पोचणा नाय."

दादाने हात जोडले. तिच्याकडे नीट बघितलं, अगदी डोळे भरून. मग तिला कमी ऐकू येतं म्हणून तिच्या कानाशी वाकला आणि स्पष्ट म्हणाला, "व्हय म्हाराजा."